म्हातारीचा दस्ता कोणी कापला

शनिवार, ४ नोव्हेंबर १९७८

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या दिराच्या, नानेच्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते पाहिलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं बसले आहे, तारीख-वेळ नसलेल्या तक्रारीचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

म्हातारीला कापलंय!

माझ्या नवऱ्याची, आंझोलोची, आठ बोअरची बंदूक. त्याच्या बापाची, बेल्जियममध्ये घडवलेली, नळ्यांवर ओहोटीच्या वाळूसारखी नक्षी असलेली. अख्ख्या गावाची 'म्हातारी'. तिच्या दोन्ही नळ्यांत आतून नव्या पोलादाच्या बारीक नळ्या बसवल्या आहेत. एके काळी माझा अंगठा आरामात जायचा तिच्या तोंडात. आता आठाची बारा झाली; बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक. आणि दस्ता! अक्रोडाचा तो सुंदर दस्ता मागून चांगला दोन बोटं कापून त्याला लाल रबराची चकती ठोकली आहे. जुन्या मेजाच्या पायाला बूच मारावं तशी.

मी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन गेले होते, न सांगता. गेले पाच महिने नाने म्हणतोय, "कपाटाला कुलूप आहे वहिनी, किल्ली सापडत नाही." माझ्याकडे परवाना नाही, म्हणून नवऱ्याची बंदूक दिराच्या घरी! बरं, ठीक आहे. पण किल्ली न सापडणारा माणूस टेबलावर बंदूक उघडी टाकून ब्रेड खात बसला होता.

"वहिनी! तुम्ही? आज?"

"आज. का, आज हिचं ऑपरेशन होतं का?"

तो घोंगडीनं झाकायला धावला. पन्नाशी उलटलेला, दारात वाकून शिरावं लागणारा माणूस, आणि जामची बरणी फोडलेल्या पोरासारखा उभा.

"कायदा आलाय ना वहिनी. बाराहून रुंद नळी आता शिकारीला चालत नाही."

"कायदा आला म्हणून नळी घातलीस. मग दस्ता कापायला कुठला कायदा आला?"

तो घोंगडी सारखी करत राहिला. कानापर्यंत लाल.

फडकं मी तिथंच फेकून आले. तेलाची बाटली मात्र परत आणली. चांगलं तेल आहे.

रविवार, ५ नोव्हेंबर

मिस्साला गेले. नाने मागच्या बाकावर. शेजाऱ्याला शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा मी हातमोजे चढवले.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

धुकं. कियोज्जाची बोट भोंगा वाजवत आली, दिसली नाही.

आज सवयीनं माळ्यावरून काडतुसांची पेटी काढली. नोव्हेंबर हा आमचा काडतुसं भरायचा महिना. आठ बोअरची काडतुसं दुकानात मिळणं आंझोलोच्या बापाच्या काळातच बंद झालं होतं. म्हणून पितळी टरफलं जपायची, व्हिनेगरनं धुवायची, चुलीशेजारी वाळवायची, पुन्हा भरायची. आंझोलोची बोटं जाळी ओढून ओढून जाड झालेली, त्याच्या हातून टरफलाच्या बुडातली ठिणगीची इवली टोपी नीट बसायची नाही. पहिल्याच हिवाळ्यात ते काम माझ्याकडे आलं. ननच्या शाळेत भरतकाम शिकले होते, ते हे असं कामी आलं! काळी दारू तोलून घालायची. तिच्यावर जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, गोल, तो जुन्या हॅटांतून कापायचा. गावातल्या प्रत्येक मयताची हॅट माझ्याकडे यायची. मग छर्रे. आणि सगळ्यांत वर छर्रे सांडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचं झाकण.

त्या झाकणावर खरं तर छर्ऱ्याचा नंबर लिहायचा असतो. मी दुसरंच काहीबाही लिहायची.

"तेल संपलं." "मारिएताचा नवरा पुन्हा प्याला." "काल जेवताना बोलला नाहीस, का?" "वाम आण, बदक नको." आठ बोअरचं झाकण चांगलं रुंद, एक अख्खं वाक्य मावतं. पहाटे तो खाजणात जायचा, चिखलात पुरलेल्या पिंपात छातीपर्यंत बसायचा, भोवती खऱ्यांना भुलवायला लाकडी बदकं तरंगत. आणि प्रत्येक काडतूस नळीत सरकवायच्या आधी कंदिलापुढे धरून वाचायचा. मग मी लिहिलेलं सगळं बदकांच्या अंगावर!

उत्तर त्यानं एकदाही लिहिलं नाही. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं, तेही जीभ बाहेर काढून. पण परत येताना दीपस्तंभाच्या वळणावर एक रिकामा बार काढायचा. धूम्म! माझ्या खिडकीची काच थरथरायची. मग मी पोलेंताचं, मक्याच्या लापशीचं, भांडं चुलीवर ठेवायची. इतरांच्या बारा बोअर म्हणजे फळीवर खिळा ठोकल्यासारख्या, टाप्, टाप्. म्हातारीचा आवाज अख्ख्या खाडीला ओळखू यायचा.

आता ती पण टाप् म्हणणार.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

कियोज्जाला जाऊन आले. ओत्तोरिनो बंदूकवाल्याकडे. गेल्या शरदात आंझोलो स्वतः खोकत खोकत बोटीनं गेला होता त्याच्याकडे. घोडा ढिला झालाय म्हणाला. बंदूक तिथंच ठेवून आला आणि त्यानंतर पुन्हा कुठं गेलाच नाही, फक्त इस्पितळात. डिसेंबरात संपलं. बंदूक जूनमध्ये नाने घेऊन आला. म्हणजे जे काही झालं ते मधल्या काळात. मी सरळ विचारलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला करायला?"

ओत्तोरिनो कानस थांबवत नाही. माणसाशी बोलताना पण कानसच चालू.

"गिऱ्हाईकानं."

"नाव?"

"बाई, गिऱ्हाईकाचं नाव तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे."

म्हणजे नानेच. मला वाटलंच होतं.

"नळ्या काढून पूर्वीसारखं करा."

"जुन्या नळ्यांचा आतून झिजून कागद झालाय. नव्या डाख लावून जोडल्यात. आता ओढून काढल्या तर तुमच्या हातात जाळी येईल, मासे धरायला. तिचा आठाचा घास बंद झाला. म्हातारपणी सगळ्यांचाच कमी होतो."

"माझा नाही झाला."

"ते दिसतंय," म्हणाला. मेला!

मग दस्त्याचं विचारलं. का कापला? तर म्हणे, "मापानं कापला."

"कुणाच्या? सर्कशीतल्या बुटक्याच्या?"

"बंदुकीचं माप अंगावरून घेत नाहीत बाई, कोटावरून घेतात. हिवाळी कोट चढवला की हात आखूड होतो. मला कोट दिला होता, त्यावरून घेतलं."

नानेचा कोट! मेंढीच्या कातड्याचा, त्यात नाने आणि त्याची होडी दोन्ही मावतील. त्या कोटावर माप घेऊन दस्ता कापायचा, की उलट वाढवायचा? हा माणूस एक तर दारुडा आहे, नाही तर खोटारडा. तसं तोंडावर सांगितलं. मग म्हटलं, झाल्या प्रकाराचं लेखी स्पष्टीकरण महिनाअखेरीपर्यंत माझ्या पत्त्यावर पोचलं पाहिजे. त्यानं पहिल्यांदा कानस खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिला. चेहरा असा, जसं काही मीच आजारी आहे.

बोटीवर थंडीनं दात वाजले. माझा राखाडी कोट असता तर! तो गेल्या शरदापासून बेपत्ता आहे. शेजारच्या मारिएतानंच चर्चच्या दानाच्या गाठोड्यात टाकला असणार. अजून कबूल करत नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा सण. पोरं भांडी बडवत दारोदार. मी बिस्किटाचा घोडा-स्वार केला होता, साखरेची बटणं लावून. तोडून वाटला. मागच्या वर्षी आंझोलो खाटेवरून म्हणाला होता, "घोड्याचं डोकं मला ठेव." ठेवलं होतं. त्याला गिळता आलं नाही. उशाशी दोन दिवस तसंच होतं.

आज डोकं कुणाला द्यावं कळेना. मीच खाल्लं. उभ्या उभ्या.

मारिएता आली, शेजारीण म्हटल्यावर येणारच. "अगं आर्जिया, ऐकलंस का? नाने म्हणे म्हातारी विकणार. मिलानचा कोणी शिकारी साहेब. आखूड दस्ता त्यांनाच लागतो, शहरातल्या लोकांना मानच नसते."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतायत."

म्हणजे तिनंच. पण मला ते पटलं. नाही तर कापली कशाला?

मंगळवार, १४ नोव्हेंबर

नाने दारात. मी उघडलं नाही.

"वहिनी, वाम आणलेत. साफ करून आणलेत."

"उत्तर आणलंस?"

"कसलं उत्तर..."

"शनिवारी तुझ्या दाराखालून सरकवलं ते पत्र वाचलंस ना? तीस तारखेपर्यंत लेखी उत्तर."

"मला कुठं येतं हो तुमच्यासारखं लिहायला."

"मग तोंडी सांग. कुणाला विकतोयस?"

बाहेर बूट पायरीवर घासले. वाटलं गेला. मग म्हणाला, "सहा डिसेंबरपर्यंत थांबा ना वहिनी. दादाला वर्ष होईल, तेव्हाचा बार होऊ दे. एवढं ऐका."

"आंझोलो असता तर तुझ्या कानाखाली काढली असती."

"हो," म्हणाला. "काढली असती." आणि नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल.

पायरीवरचे वाम मात्र आत घेतले. त्यांनी काय केलंय!

रविवार, १९ नोव्हेंबर

शिंपल्यांचा वास येणारी ओहोटी, दिवसभर.

आज लिहूनच टाकते. चाळीस वर्षं कुठं लिहिलं नाही.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. मी बावीस वर्षांची, नुकतीच ननच्या हाताखालून सुटलेली. सिस्टर पुल्केरियानं मला पायथागोरस आणि लॅटिन शिकवलं होतं, आणि इथं आल्यावर कळलं की बाई होडीत बसली तर बदकं दुसऱ्या खाडीत जातात! आंझोलोला एका संध्याकाळी म्हटलं, मला एकदा ने पिंपात. एक बार मला काढू दे. काडतूस मी भरते, मग ते सुटतं कसं ते मी का बघू नये?

सासरे होते, नाने होता, तेव्हा चौदा-पंधराचा. आंझोलोनं माझा हात धरून सगळ्यांना दाखवला. "बघा हात! हिचं बोट चापापर्यंत पोचेस्तोवर बदकं आफ्रिकेला पोचतील. आणि म्हातारी लाथ मारेल तेव्हा हिचा खांदा आपल्याला कियोज्जाच्या बाजारात शोधावा लागेल."

काय हसले सगळे! सासऱ्यांच्या नाकातून वाइन आली.

मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. काडतुसं मात्र भरली, ते माझं काम होतं. आणि पहिल्या काडतुसाच्या झाकणावर लिहिलं, "पोचली का आफ्रिकेला?"

त्या दिवशी तो रिकाम्या हातानं घरी आला. पिंपात बसून एकटाच असा हसला म्हणे, की सगळा थवा उठून गेला. दारातच मला उचललं. ओल्या बुटांनी. तिथून ते झाकणांवर लिहिणं सुरू झालं.

पण चुकलं म्हणाला नाही. कधीच नाही. आणि मला नेलंही नाही. पुन्हा विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, विसरली.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

फादर उलिस्से आले. वर्षश्राद्धाची मिस्सा, आणि मग खाजणातला बार. आमच्या खाडीत शिकाऱ्याला गेल्याला वर्ष झालं की त्याच्या पिंपातून, त्याच्याच बंदुकीनं, आकाशात एक बार काढतात. काडतूस बायकोनं भरायचं. काढायचा मुलानं, मूल नसेल तर भावानं. त्यानंतर ते पिंप दुसऱ्याचं. त्या आवाजानं माणूस सुटला असं मानतात. फादरना ते फारसं पसंत नाही, पण ग्राप्पा दारूच्या दोन पेल्यांवर ते डोळेझाक करतात.

मी सांगितलं, बार होणार नाही. बंदूकच राहिली नाही.

"आर्जियाबाई, देवाला काय, कुठल्याही बंदुकीचा आवाज चालेल."

"मग मिस्सा पण कुठल्याही मयताची चालेल का? नाव कशाला घेता?"

फादरनी पेला ठेवला. "तुम्हाला राग नक्की कुणाचा आलाय?"

काय प्रश्न आहे! लेखी दिलंय ना कुणाचा ते.

ते गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून होते. खिडकीची काच बघत. एक वर्ष झालं, थरथरली नाही ती. वादळात सुद्धा नाही, वादळाचा आवाज वेगळा असतो. मला एवढंच हवं होतं. एकदा. सहा तारखेला ती काच एकदा हलायला हवी होती, तो वळणावर आलाय असं. मग मी भांडं चुलीवर ठेवलं असतं, आणि मग गेला असता तर गेला असता.

आता टाप् असा आवाज येईल, आणि तो कोण गेला मला कळणार पण नाही.

सोमवार, २७ नोव्हेंबर

काही नाही. कपडे वाळत नाहीत.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

मुदत संपली. ओत्तोरिनोकडून काही नाही. नानेकडून पण नाही. संध्याकाळच्या बोटीची टपाल-पिशवी मी स्वतः जाऊन पाहिली, पोस्टातली नवी पोरगी म्हणाली, "काकू, तुम्ही रिटायर झालात ना?"

रिटायर झाले, मेले नाही.

तरीही आज काडतूस भरायला बसले. आठचंच. कापू देत त्यांना काय कापायचं ते, माझ्याकडून आठचंच जाईल. पेटीत गेल्या वर्षीची भरलेली काडतुसं तशीच आहेत. नोव्हेंबर लागताच भरली होती, तेव्हा तो खाटेवर बसून नुसता बघायचा. "यंदा दारू जरा कमी घाल, खोकल्यानं दणका सोसवत नाही," म्हणायचा. मला माहीत होतं यंदा तो जाणार नाही. त्यालाही. तरी भरत गेले आणि तो बघत गेला.

एक काडतूस उघडलं. दारू जुनी झाली असेल म्हणून उघडलं, दुसरं कारण नाही. झाकण नखानं उचललं.

माझंच अक्षर. "लोकरीचे मोजे घाल. दोन जोड."

ही सगळी न वाचलेली आहेत. पेटीभर. मी त्याला एवढं सगळं सांगितलं आणि त्याच्यापर्यंत काहीच गेलं नाही.

पुढची उघडली नाहीत. नवं झाकण कापलं, या वर्षीच्या कॅलेंडराच्या पुठ्ठ्यातून, डिसेंबरचा तुकडा आला. लेखणी घेऊन बसले. काय लिहायचं? पोस्टात तीस वर्षं लोकांची पत्रं लिहून दिली. बायकांची नवऱ्यांना, आयांची तुरुंगातल्या पोरांना, एकीचं तर पोपला. कधी अडले नाही.

कोरंच बसवलं.

रविवार, ३ डिसेंबर

मारिएताशी भांडले. कोटावरून. "तुझा तो उंदराच्या रंगाचा कोट मी कशाला घेऊ? चर्चचे भिकारी पण घेणार नाहीत!" म्हणाली. म्हणजे रंग आठवतोय.

रात्री तिनंच सूप आणून दिलं. मी थंड आहे म्हटलं. ती म्हणाली, गरम करून घे. आणि दारातच बसून राहिली, मी पिऊन होईपर्यंत.

मंगळवार, ५ डिसेंबर

उद्या. ठरलं. नानेच्या होडीतून जाईन, कारण दुसरी होडी नाही. पिंपापर्यंत जाईन. त्याच्या हातात काडतूस देणार नाही. ते पाण्यात टाकीन, सगळ्या शिकाऱ्यांच्या होड्यांसमोर, आणि का टाकलं ते मोठ्यानं सांगेन. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाई खाजणात येणार, तर बदकं काय, माणसं पण उडू देत.

आंझोलो, तुझी बंदूक मला वाचवता आली नाही.

हे कुणाला उद्देशून लिहितेय मी? पानालाच.

बुधवार, ६ डिसेंबर

काडतूस पाण्यात टाकलं नाही. माझ्या खिशात आहे. म्हातारीत ते बसतच नाही आता.

होड्या लांब थांबल्या होत्या. नानेनं मला हात धरून पिंपात उतरवलं. मी म्हटलं, मला कशाला? त्यानं घोंगडीतून बंदूक काढली. घोंगडीच्या आत बंदुकीला आणखी काहीतरी गुंडाळलं होतं. कोट होता. माझा, राखाडी.

"दादानं नेला होता ओत्तोरिनोकडे. मापाला. म्हणाला, नळी बाराची कर म्हणजे लाथ मारणार नाही, आणि दस्ता हिच्या हाताचा कर. मला शपथ घातली. बंदूक वर्ष झाल्यावर पिंपातच द्यायची, आधी कळलं तर ती ओत्तोरिनोला पण नको म्हणेल आणि तुला पण, म्हणाला." मग म्हणाला, "घ्या ना वहिनी. माझा हात दुखतोय धरून."

खांद्याला लावली. रबर जिथं बसायचं तिथं बसलं. बोट चापापर्यंत पोचलं.

बार उद्या. सगळ्यांना सांगितलं, उद्या या. परवाना माझ्याकडे नाही, ज्याला कळवायचं त्यानं कळवावं. नानेकडून बाराचं एक टरफल आणलंय, दारू घातली, नमदा आंझोलोच्याच हॅटचा. बाराचं झाकण फार लहान. सिस्टर पुल्केरियाचं मुंगीएवढं अक्षर काढावं लागलं, दोन्ही बाजूंनी:

"पोचले. मला तोंडावर का नाही सांगितलंस? लेखी उत्तर हवं. २४ डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत. — आर्जिया"